कंपवात, व्यायामनिषेध आणि पडद्यावरचा खेळ

वृद्धाने आणि वातरोग्याने व्यायाम करू नये, हे सूत्र आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ केलेले आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दिनचर्येच्या अध्यायात, वाग्भटाचार्यांनी व्यायामास अयोग्य व्यक्तींची जी गणना केली आहे, तीत वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णाने पीडित असे सर्व येतात. पार्किन्सनच्या आजाराचा रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा वा पुढचा असतो आणि त्याचा व्याधी वातप्रधान असतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी तो या निषेधात सापडतो. याउलट गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील आधुनिक संशोधन असे सांगते की, या आजारात नियमित हालचाल हा औषधाच्या जोडीने चालणारा उपचारच होय. पडद्यासमोर उभे राहून हातपाय हलवीत खेळावयाचे व्हिडिओ गेमसुद्धा त्यासाठी योजले जात आहेत. या दोन विधानांत खरोखर विरोध आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार आम्हांस ग्रंथ चाळताना सुचलेला नाही. आमच्या हातून झालेल्या एका चुकीने तो करावयास भाग पाडले.

आमची चूक

२०१२ सालच्या हिवाळ्यात साताऱ्यातील आमच्या चिकित्सालयात एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक आले. वय सदुसष्ट. उजव्या हातास स्वस्थ बसले असता कंप, अंगात ताठरपणा, अक्षर बारीक झालेले, आवाज खाली गेलेला आणि मलावष्टंभ फार जुना. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांनी पार्किन्सनचे निदान करून लेव्होडोपा सुरू केले होते व ते लागूही पडले होते. आमच्याकडे ते मलावष्टंभ आणि ताठरपणा यांसाठी आले. आम्ही अभ्यंग, मृदू स्वेदन आणि बस्ती यांची योजना केली. लेव्होडोपास हात लावला नाही. येथवर सर्व ठीक होते. मात्र ते रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेने चार भिंतींपर्यंत चालत जात, हे कळताच आम्ही ते बंद करविले. वय, वातव्याधी, त्यात चढ आणि थंडी. निषेध आम्हांस स्पष्ट दिसत होता.

मलावष्टंभ सुधारला, झोपही सुधारली. परंतु चौथ्या महिन्यात खुर्चीवरून उठताना त्यांना हात द्यावा लागू लागला. वळताना पावले अडखळू लागली आणि स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला खिळू लागले. आम्ही ही व्याधीची वाढ समजलो. ते स्वतः मात्र म्हणाले, "डॉक्टर, गाडी डेपोत उभी राहिली की बॅटरी उतरतेच. मला जरा रस्त्यावर काढा." आम्ही हसलो आणि तेल बदलून दिले.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून त्यांचा नातू आला. येताना त्याने दूरचित्रवाणीस जोडावयाचा एक खेळ आणला होता. त्यातील कॅमेरा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हालचाली टिपतो आणि पडद्यावरील आकृती तशाच हालचाली करते. आठवड्याने रुग्णाच्या पत्नी आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा घरी येऊन बघाच. सदऱ्याच्या बाहीत जात नाही तो ह्यांचा हात खेळताना खांद्याच्या वर जातोय." आम्ही गेलो. ते चेंडू घरंगळत सोडून समोरच्या बाटल्या पाडण्याचा खेळ खेळत होते. हात मागे जात होता, पाऊल पुढे पडत होते, कंबर वाकत होती. खेळ संपला आणि ते पाणी पिण्यास आत निघाले, तेव्हा त्याच दारात त्यांचे पाय पुन्हा खिळले. तेच शरीर, तीच औषधाची मात्रा, तीच वेळ. मग पडद्यासमोर जे साधले ते दारात का साधेना, हा प्रश्न घेऊन आम्ही परतलो.

दोन दिवसांनी आणखी एक धडा मिळाला. खेळाच्या भरात बाजूस पाऊल टाकताना त्यांचा तोल गेला आणि ते पलंगाकडे कलंडले. नातू जवळ होता म्हणून निभावले. लक्ष पडद्यावर गेले की पायांवरचे सुटते, हे तेव्हा ध्यानात आले. मग आम्ही एका फिजिओथेरपिस्टना सोबत घेतले. खेळाची जागा, वेळ आणि मात्रा ठरविली, व सपाट मैदानावर चालणे पुन्हा सुरू केले. तीन महिन्यांनी त्यांना खुर्चीवरून उठण्यास हात द्यावा लागेनासा झाला. कंप होता तेवढाच राहिला. पुढे व्याधी आपल्या गतीने वाढलाच. तथापि त्या चार महिन्यांत झालेली घसरण सगळी व्याधीची नव्हती. तीत आमच्या पथ्याचा वाटा मोठा होता.

पडदा नेमके काय करतो?

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या व्याधीचे वर्णन केले. आज आपणांस ठाऊक आहे की, मध्यमेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास होत जातो आणि बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागाचे कार्य त्यामुळे बिघडते. चालणे, वळणे, उठणे, सही करणे या सवयीने आपोआप घडणाऱ्या हालचाली प्रामुख्याने याच भागाच्या आधाराने चालतात. तोच दुबळा झाल्यावर प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकावे लागते. मात्र समोर काही लक्ष्य असेल, डोळ्यांस खूण दिसत असेल वा कानांस ताल ऐकू येत असेल, तर मेंदूचे दुसरे मार्ग कामास येतात आणि अडलेली हालचाल सुटते. म्हणूनच सपाट जमिनीवर पाऊल न उचलणारा रुग्ण कित्येकदा जिना सहज चढून जातो. जिन्याची प्रत्येक पायरी ही त्याला दिलेली खूणच असते.

पडद्यावरचा खेळ असे साहाय्य तीन प्रकारांनी करतो. पहिले, तो लक्ष्य देतो. "हात वर करा" असे सांगितल्यावर जेमतेम उचललेला हात, येणारा चेंडू अडविण्यासाठी पुरता वर जातो. दुसरे, तो केलेल्या हालचालीचे माप तत्काळ दाखवितो. या रुग्णांचा एक मोठा दोष असा की, आपली हालचाल लहान झाली आहे हे त्यांचे त्यांनाच उमगत नाही. पुटपुटणाऱ्यास आपण नीट बोलत आहोत असेच वाटते. पडद्यावरची आकृती हा आरसा त्यांच्यासमोर धरते. तिसरे, तो गोडी लावतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ साली आठ निरोगी पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळावयास देऊन त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा खेळत असताना मेंदूत डोपामिन स्रवते असे त्यांना आढळले. ते पुरुष निरोगी होते आणि खेळ बसून खेळावयाचा होता. तेव्हा यावरून चिकित्सेचा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु आव्हान आणि बक्षीस यांचा या द्रव्याशी काही संबंध आहे, एवढे त्यातून दिसते.

संशोधनाचा कौल

२००६ साली निंटेंडो कंपनीचे 'वी' हे यंत्र बाजारात आले. पुढच्याच वर्षी त्यास तोल मापणारी पाट जोडली गेली, आणि २०१० साली मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' हा कॅमेरा आला. ही यंत्रे मुलांच्या करमणुकीसाठी होती. पुनर्वसनतज्ज्ञांनी ती आपल्या कामास लावली.

ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३२ रुग्णांचे दोन गट केले. एका गटास 'वी'वरील खेळ दिले, दुसऱ्यास तोलाचे साधे व्यायाम. चौदा सत्रांनंतर दोन्ही गट सुधारले आणि ती सुधारणा दोन महिन्यांनंतरही टिकून होती. मात्र खेळाचा गट साध्या व्यायामाच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. २०१६ साली कॉक्रेन संस्थेने आठ चाचण्यांतील २६३ रुग्णांचा आढावा घेतला. पावलाची लांबी वाढविण्यात आभासी दृश्यांच्या साहाय्याने केलेला व्यायाम अल्पकाळापुरता काहीसा सरस असू शकेल. इतर बाबतींत तो नेहमीच्या फिजिओथेरपीच्या बरोबरीचा दिसतो. आणि उपलब्ध पुरावा कमी दर्जाचा आहे, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता.

यापेक्षा भक्कम असे दोन अभ्यास आहेत. पहिला २०१६ सालचा, पाच देशांतील. वारंवार पडणाऱ्या ३०२ वृद्धांना त्यात घेतले होते व त्यांत पार्किन्सनचे रुग्ण पुष्कळ होते. सर्वांना आठवड्यातून तीनदा असे सहा आठवडे चालत्या पट्ट्यावर चालविले. निम्म्यांना समोरच्या पडद्यावर त्यांचीच पावले दाखवून वाटेतील अडथळे ओलांडावयास लावले. पुढील सहा महिन्यांत केवळ चालणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण १०.७ वरून ८.३ वर आले, तर पडद्याची जोड मिळालेल्यांचे ११.९ वरून ६.० वर उतरले. दुसरा अभ्यास नेदरलँड्समधील नायमेगेन येथील, २०१९ सालचा. सौम्य आजार असलेल्या १३० रुग्णांपैकी निम्म्यांना घरी स्थिर सायकल आणि तिला जोडलेले खेळ दिले, व निम्म्यांना अंग ताणण्याचे व्यायाम. आठवड्यातून किमान तीन वेळा, ३० ते ४५ मिनिटे, असे सहा महिने चालले. औषधाचा अंमल उतरलेला असताना मोजलेल्या हालचालींच्या गुणांकात ताण देणाऱ्यांची घसरण ५.६ अंकांची झाली, सायकलवाल्यांची १.३ अंकांची. रोग मागे हटला असे यावरून म्हणता येत नाही. लक्षणांचा चढ या काळात मंद राहिला, इतकेच म्हणता येते. पण तेही थोडके नव्हे.

येथे जुना दाखला स्मरणात ठेवावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या शार्को या थोर वैद्यांनी असे पाहिले की, आगगाडीच्या वा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर कंपाच्या रुग्णांस बरे वाटते. त्यावरून त्यांनी हलणारी खुर्ची तयार करविली आणि तिचा गुणही वर्णिला. २०१२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी कंप देणारी खुर्ची आणि कंप न देणारी तशीच खुर्ची यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांतील रुग्णांस सारखाच उपशय आढळला. नवलाई, विश्रांती आणि वैद्याचे लक्ष यांचाही गुण येतो. यंत्राचे मूल्य ठरविताना तो वजा करावा लागतो. साध्या व्यायामाशी तुलना केल्यावर जे उरते, तेवढेच यंत्राचे.

निषेधवचनाचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संहितांना अभिप्रेत व्यायाम कोणता? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची जी व्याख्या केली आहे, तीत शरीराला स्थैर्य आणि बल देणारी इष्ट चेष्टा, आणि तीही मात्रेने, असे तीन घटक आहेत. कंपवाताच्या रुग्णास ज्याची उणीव असते ते स्थैर्यच या व्याख्येत प्रथम येते. अर्धशक्तीची मर्यादा सुश्रुत आणि वाग्भट दोघेही घालून देतात. म्हणजे निषेधाचा रोख शक्ती ओलांडणाऱ्या श्रमावर आहे. त्यावरून रुग्णाने खुर्चीस खिळून राहावे असा आदेश काढणे, हे वचनाच्या मर्यादेपलीकडे जाणे होय. आम्ही नेमके तेच केले होते.

दुसरा विचार संप्राप्तीचा. कंपवाताचे सर्व रुग्ण एका साच्याचे नसतात. कंप प्रधान, शरीर कृश, त्वचा रुक्ष, निद्रा अल्प, असा एक रुग्ण दिसतो. येथे धातुक्षयजन्य वातप्रकोप मानणे उचित. दुसरा रुग्ण जडपणाचा. हालचाल मंद, अवयव गुरू, चेहरा निर्विकार, स्वर क्षीण, पाय अडलेले. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेच्या अध्यायात कफावृत व्यानाचे वर्णन करताना सर्व गात्रांची गुरुता आणि गतीचा अवरोध सांगितला आहे, तर कफावृत उदानात वाणी व स्वर यांचा ग्रह सांगितला आहे. या दुसऱ्या रुग्णाचे चित्र त्या वर्णनाशी पुष्कळ जुळते. आवरण असलेल्या वाताला विश्रांतीने मार्ग मिळत नाही. तेथे मात्रायुक्त चेष्टा ही आवरण दूर करण्यास साहाय्यभूतच होते. पहिल्या प्रकारच्या रुग्णास मात्र आधी स्नेहन, बृंहण आणि बस्ती यांनी बल देऊन मग अल्प चेष्टेस आरंभ करावा. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत दोन्ही प्रकार मिसळलेले आढळतात. म्हणून प्रत्येक भेटीत तरतमभाव पाहूनच मात्रा ठरवावी लागते. वचन खोटे नाही. ते कोणाला, केव्हा आणि किती लागू करावयाचे, हे ठरविण्याचे काम वैद्याचे आहे.

पडदा नसलेल्या घरी

साताऱ्यातील रुग्णावरून उत्साह येऊन आम्ही सांगलीच्या एका रुग्णेसही असाच खेळ सुचविला. महिन्यातून दोन वेळा आम्ही सांगलीस रुग्ण पाहतो. हळदीच्या व्यापारात असलेल्या घरातील या बाई सत्तरीच्या. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "पोरांचा खेळ माझ्यानं व्हायचा नाही." त्यांच्याबाबतीत आणखी एक गोष्ट उघड झाली. लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असतानाच कोणाच्या सांगण्यावरून त्या कपिकच्छूचे चूर्ण दुधातून घेत होत्या आणि त्यांच्या मानेस व खांद्यास अनावर झटके येत होते.

कपिकच्छूच्या, म्हणजे आपल्या खाजकुइरीच्या, बीजात लेव्होडोपा असते, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवून दिले आहे. लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ग्रॅम मात्रेतील कपिकच्छूचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. ही आपल्या शास्त्रास अभिमानाची गोष्ट असली, तरी तिचा दुसरा अर्थ असा की, गोळ्या चालू असता चूर्ण देणे म्हणजे मोजमापावाचून मात्रा वाढविणे होय. मज्जातज्ज्ञांशी बोलून आम्ही चूर्ण थांबविले, आणि झटके कमी झाल्यावरच व्यायामाचा विचार केला.

या बाईंच्या माजघरात शहाबादी फरशी होती. प्रत्येक फरशीचा सांधा ओलांडून पाऊल टाकावयाचे, एवढेच त्यांना शिकविले. ज्या दारात पाय अडत, तेथे उंबऱ्याच्या अलीकडे रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवून घेतल्या. घरात हरिपाठ होत असे. म्हणून सुनेने टाळ धरावा आणि त्या तालावर, आढ्याच्या खांबाला एक हात ठेवून, सासूबाईंनी पावली घालावी, असे ठरले. अमेरिकेत थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना रोज अर्धा तास असे तीन आठवडे ठेक्याच्या संगीतावर चालविले, तेव्हा त्यांचा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला होता. त्या ठेक्याचे काम आमच्याकडे टाळाने केले. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने चालणाऱ्या वृद्धांची पावले ज्याने पाहिली आहेत, त्यास तालाचे बळ निराळे सांगावयास नको. बाईंचे दारातील अडणे पुरते गेले नाही, पण रात्री लघुशंकेस जाताना कोणास उठवावे लागू नये, ही त्यांची इच्छा पुष्कळ दिवस पुरी झाली.

पुण्यातही हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसते. तेथील पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांसाठी नर्तक ऋषिकेश पवार यांनी नृत्याचे वर्ग चालविले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ सालापासून असे वर्ग चालविले आहेत. नृत्य, पावली आणि पडद्यावरचा खेळ या तिन्हींत लक्ष्य, ताल, प्रतिसाद आणि आनंद हे घटक समान आहेत. रुग्णास रुचेल ते माध्यम निवडावे. सात्म्याचा विचार आहारापुरताच करावयाचा असे नाही.

प्रत्यक्ष योजना

वैद्यबंधुभगिनींस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आमच्या अनुभवावरून येथे नोंदवितो.

१. निदान आणि मुख्य औषध मज्जातज्ज्ञांच्या हाती असावे. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास तीव्र ताठरपणा व ज्वर येऊन जिवावर बेतू शकते. व्यायाम सुरू केला म्हणून गोळी कमी करू नये.

२. व्यायामाची वेळ गोळीचा अंमल चांगला असेल ती ठेवावी. भोजनानंतर लगेच खेळू नये.

३. आरंभी फिजिओथेरपिस्टकडून तोलाची परीक्षा करवून घ्यावी. वारंवार पडणारे, उभे राहताच चक्कर येणारे, स्मृतिभ्रंश वा भास होणारे आणि हृद्रोगी यांना उभ्याने खेळ देऊ नये. बसून हातांचे खेळ त्यांना देता येतात, तेही देखरेखीखाली.

४. जागा मोकळी असावी. सतरंजी, पायपुसणे, विजेच्या तारा काढून घ्याव्यात. मागे जड खुर्ची, बाजूस भिंत वा कठडा आणि हाताच्या अंतरावर घरातील एक सशक्त माणूस असावा. त्या माणसाने पडदा पाहू नये, रुग्ण पाहावा.

५. अभ्यंगानंतर व्यायाम हा दिनचर्येतील क्रम खरा. परंतु या रुग्णाच्या तळपायास तेल असताना त्यास उभे करू नये. पादाभ्यंग रात्री निजताना करावा. स्वेदनानंतरही लगेच खेळ नको. घाम आणि उष्णता यांनी रक्तदाब उतरतो, आणि या व्याधीत तो आधीच उभे राहताना उतरण्याची प्रवृत्ती असते.

६. आरंभ दहा मिनिटांनी करावा व बलानुसार वाढवावे. कपाळावर, नाकावर आणि काखेत घाम येणे, मुखास कोरड पडणे, ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. मात्र या आजारात काहींना घाम मुळातच अधिक किंवा कमी येतो, म्हणून श्वासाकडेही लक्ष असावे. खेळताना एक वाक्य सलग बोलता येईल, इतपतच श्रम असावा.

७. खेळ निवडताना मोठी, संथ आणि एका वेळी एकच हालचाल असलेला निवडावा. झटपट निर्णय मागणारे आणि बाजूस उड्या मारावयास लावणारे खेळ टाळावेत.

८. डोपामिनसदृश कार्य करणाऱ्या काही औषधांनी रुग्णास जुगार, खरेदी वा खेळ यांचे अनावर वेड लागू शकते. खेळ सोडवेनासा झाला, रात्री जागून खेळू लागले, तर ती प्रगती समजू नये. औषध देणाऱ्या तज्ज्ञांस कळवावे.

९. दर महिन्यास काही साध्या नोंदी ठेवाव्यात. खुर्चीवरून हाताच्या आधारावाचून उठता येते काय, दहा पावलांस किती वेळ लागतो, महिन्यात किती वेळा पडले, आणि एका ओळीत केलेली सही. पडद्यावरील गुण वाढले आणि या नोंदी तशाच राहिल्या, तर रुग्ण केवळ खेळात तरबेज झाला असे समजावे.

उपसंहार

ज्या यंत्रांवर हे संशोधन सुरू झाले, त्यांपैकी 'वी'चे उत्पादन २०१३ साली आणि 'किनेक्ट'चे २०१७ साली थांबले. नवी यंत्रे आली, आणखीही येतील. तेव्हा चिकित्सा एखाद्या यंत्राच्या नावावर बांधू नये. यंत्राच्या मागे जे तत्त्व आहे ते ओळखावे: रुग्णाला पुढे लक्ष्य द्यावे, पावलाला खूण द्यावी, श्रमाला मात्रा द्यावी आणि रोज करावेसे वाटेल असे काही द्यावे. ज्या घरी पडदा आहे तेथे पडदा, नाही तेथे फरशीचा सांधा आणि टाळ.

व्यायामनिषेधाचे ते सूत्र आम्ही आजही विद्यार्थ्यांना शिकवितो. मात्र त्यासोबत त्या निवृत्त चालकांची गोष्टही सांगतो. गाडी डेपोत उभी राहिली की बॅटरी उतरते, हे त्यांनी आम्हांस सांगितले होते आणि ते खरे होते. रुग्ण स्वतःच्या उपशय-अनुपशयाविषयी जे बोलतो, तेही निदानाचे साधनच आहे. ते हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणत्याही ग्रंथाने वैद्यास दिलेला नाही.